पहिला माणूस कामावर ठेवताना: जाहिरातीपासून तीन महिन्यांपर्यंत

आमचं फोंड्यात पाण्याचे पंप आणि मोटरी विकायचं, दुरुस्त करायचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे वर्कशॉप. सुरुवातीला मी आणि माझा भाऊ दोघेच होतो, आज आम्ही चौदाजण आहोत. मधल्या काळात जी माणसं आली आणि दोन-तीन महिन्यांत निघून गेली, त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत चूक आमचीच होती. माणूस बोलायला बरा वाटला आणि आम्ही तिथल्या तिथे 'सोमवारपासून ये' म्हणून मोकळे झालो. हल्ली ओळखीतलं कुणी म्हापशाला होमस्टे काढतं, कुणी कुंडईला पॅकिंगचं युनिट टाकतं, कुणी दातांचा दवाखाना उघडतं, आणि मला फोन येतो: पहिला माणूस ठेवायचाय, कसा निवडू? त्या सगळ्यांसाठी हे एकदा सविस्तर लिहितोय. माझं सांगणं एवढंच आहे की माणसाला बोलताना कमी आणि काम करताना जास्त बघा. आणि तुमच्याकडे जे काही आहे, पगारापासून रविवारच्या कामापर्यंत, ते त्याला आधी खरं खरं सांगा.

आधी काम वहीत उतरवा

'एक होतकरू, प्रामाणिक मुलगा पाहिजे' यातून काम काय ते कळत नाही. आठवडाभर एक वही जवळ ठेवा आणि जे काम दुसऱ्याकडे सोपवायचं आहे त्यात तुमचा वेळ कसा जातो ते लिहून काढा. मला वाटत होतं, आम्हाला वायंडिंग (मोटरीत तांब्याची तार गुंडाळणं) करणारा हवाय. वही बघितली तर निम्मे तास शिरोडा, उसगाव, म्हार्दोळ असं गिऱ्हाइकांच्या विहिरींवर जाण्यात चालले होते. म्हणजे आम्हाला हवा होता दुचाकी चालवणारा, एकटा जाऊन बिघाड ओळखणारा आणि घरच्या माणसांशी नीट बोलणारा. वायंडिंग आम्ही दोघे भाऊ करू शकत होतो.

मग त्या यादीचे दोन भाग करा. पहिल्या दिवसापासून यायलाच हवं ते एका बाजूला, महिनाभरात शिकवता येईल ते दुसऱ्या बाजूला. लायसन्स आणि विजेची समज पहिल्या बाजूला जाते. आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर आठ दिवसांत येतं, ते दुसऱ्या. पहिली बाजू चार-पाच गोष्टींपेक्षा लांबली तर समजा की तुम्ही दोन माणसांचं काम एका पगारात मागताय.

पगार आणि कायदा, जाहिरातीच्या आधी

गोव्यात किमान वेतन सरकार धंद्याप्रमाणे आणि कौशल्याप्रमाणे ठरवतं, आणि त्यातला महागाई भत्ता बदलत राहतो. म्हणून कुणाच्या तरी जुन्या कागदावरून दर उचलू नका. पणजीत पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथून चालू दर घ्या. दहा माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा लागतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला माणूस त्यात येतो. मालकाचे सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. १८,००० पगाराला तुमचे ५८५ रुपये आणि त्याचे १३५. वीस माणसं झाली की पीएफ, दोघांचे नेहमीचे बारा-बारा टक्के. दहापासूनच लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यायचं बंधन आहे. तुमचा एकच माणूस असला तरी पत्र द्याच. तुमच्या धंद्याला नेमकं काय लागू होतं ते हिशेबनीसाकडून एकदा तपासून घ्या.

हा सगळा खर्च मांडून झाला की पगाराचा आकडा ठरवा, आणि तो जाहिरातीत छापा. 'पगार मुलाखतीत ठरेल' असं लिहिलं की चांगला माणूस बसचं भाडं खर्चून येत नाही. जो येतो त्याला तुमचा आकडा परवडत नाही, आणि दोघांचाही अर्धा दिवस जातो. आमची मागची जाहिरात अशी होती:

'फोंडा येथे पंप-मोटर दुरुस्तीसाठी टेक्निशियन हवा. आयटीआय इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन, अथवा तेवढं काम येत असलेला. दुचाकीचं लायसन्स आवश्यक. वेळ ९ ते ६, रविवारी सुट्टी. एप्रिल-मेमध्ये महिन्याला दोन रविवार काम, त्याचे पैसे वेगळे. पगार १८,००० ते २१,००० आणि ईएसआय. निवडीआधी एक तासाची कामाची चाचणी होईल.'

एप्रिल-मेमधले रविवार मुद्दाम घातले. विहिरींचं पाणी खाली जातं तेव्हा आमच्याकडे फोन थांबत नाहीत. हे आधी न सांगता मे महिन्यात सांगितलं, तर माणसाला फसवल्यासारखं वाटणारच.

माणसं कुठे शोधायची, कधी शोधायची

'गोमन्तक', 'नवप्रभा', 'तरुण भारत' यांतल्या छोट्या जाहिराती गावात अजून वाचल्या जातात, मुलापेक्षा त्याचे वडील वाचतात. व्हॉट्सअ‍ॅपचे गट आहेतच. पण माझा भरवसा आयटीआयवर. फर्मागुडीची आयटीआय आमच्यापासून जवळ. तिथल्या निदेशकांना वर्षातून दोनदा भेटतो, जुन्या मोटरी शिकायला देतो. कुठला मुलगा हत्यारं पुसून जागेवर ठेवतो हे त्यांना ठाऊक असतं, आणि ते कुठल्याच बायोडाटात लिहिलेलं नसतं. होमस्टे-हॉटेलवाल्यांनी पर्वरीच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत चौकशी करावी, कारखानेवाल्यांनी पणजीच्या आल्तिन्यावरच्या किंवा डिचोलीजवळ मयेच्या तंत्रनिकेतनात. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गची मुलंही रोज सीमा ओलांडून कामाला येतात. त्यांना टाळू नका, फक्त येण्याजाण्याचा हिशेब त्यांच्यासोबत बसून करा.

वेळ महत्त्वाची. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या तोंडावर माणूस घेऊ नका. जो येईल तो आठ दिवसांत सुट्टी मागेल, आणि मागणं बरोबरच आहे. वर्षभर बाहेर असलेलं माणूससुद्धा चवथीला घरी येतं. ऑक्टोबरपासून किनाऱ्यावर हंगाम सुरू होतो, हॉटेलं आणि शॅक माणसं उचलतात, तेव्हा तुमची जाहिरात त्यांच्याशी झगडते. आम्हाला जून-जुलै सोयीचा पडतो. पावसात आमचं काम मंद असतं, शिकवायला वेळ मिळतो.

आता ओळखीचा प्रश्न. गोवा लहान. जाहिरात द्यायच्या आधीच कुणीतरी म्हणतं, 'आमचोच भुरगो (मुलगा) तो, घे!' ओळखीतून आलेला माणूस वाईट असतो असं मी म्हणत नाही. आमच्याकडचे चांगले तिघे तसेच आलेत. पण त्यालाही तीच चाचणी, तेच प्रश्न. 'पाठवा त्याला, बाकीच्यांबरोबर बसेल' एवढं शांतपणे सांगायचं. एकदा मी हे केलं नाही. घरोबा होता, त्यांचा मुलगा चटपटीत बोलायचा, मी चाचणी घेतली नाही. पहिल्याच महिन्यात त्याने दोन मोटरी जाळल्या. त्याला काम येत नव्हतं, आणि येत नाही हे सांगायची सोय मी त्याला ठेवली नव्हती. तिसऱ्या महिन्यात थांबवलं. त्या घरचं चवथीचं बोलावणं तेव्हापासून येत नाही, आणि मला ते अजून लागतं.

अर्ज चाळणं आणि फोन

यात फार वेळ घालू नका. वहीतल्या पहिल्या बाजूच्या गोष्टी आहेत का, एवढंच बघा. फोटो, आडनाव, गाव, मधली रिकामी दोन वर्षं यांवरून अर्ज बाजूला टाकू नका. रिकामी वर्षं पुष्कळदा घरच्या आजारपणात गेलेली असतात. मग दहा मिनिटांचा फोन: पगार पटतो का, वेळ पटते का, यायची सोय काय. शेवटच्या बसचा प्रश्न इथेच विचारा. धारबांदोड्याच्या आतल्या गावात राहणाऱ्या माणसाला तुम्ही साडेसातला सोडणार असाल, तर तो घरी कसा पोचणार हे तुमच्याही विचारात यायला हवं. फोनवरून चार-पाच जण निवडून बोलवा.

चाचणी: इथे वेळ घाला

आमच्या वर्कशॉपमध्ये अर्ध्या एचपीचा एक मोनोब्लॉक पंप फक्त यासाठी ठेवलाय. त्याचा कपॅसिटर आम्ही मुद्दाम मेलेला बसवतो. चालू केला की नुसता हम्म करतो, फिरत नाही. उमेदवाराला सांगतो, 'गिऱ्हाइकाने आणून दिलाय, चालत नाही. बघा. पाऊण तास आहे, काही लागलं तर मागा.' आणि मी बाजूला माझं काम करत बसतो.

पंप चालू झाला का, हे मी शेवटी बघतो. त्याआधी बघण्यासारखं खूप असतं. पहिला हात प्लगकडे जातो का? सप्लाय न काढता झाकण उघडणाऱ्याला मी तिथेच थांबवतो, कारण उद्या तो ओल्या विहिरीपाशी एकटा असणार आहे. शाफ्ट हाताने फिरवून बघतो का, म्हणजे बेअरिंग जाम आहे की बिघाड विजेचा, हे वेगळं करतो का? कपॅसिटरला हात लावण्याआधी तो डिस्चार्ज करतो का, म्हणजे त्यात साठलेली वीज काढून टाकतो का? आणि 'केव्हापासून बंद आहे, आवाज येत होता का' असं मला काही विचारतो का?

दोन वर्षांपूर्वी आलेल्या एका मुलाने मागचं पंख्याचं झाकण काढलं, ते उलटं ठेवलं आणि काढलेला प्रत्येक स्क्रू त्यात टाकत गेला. कपॅसिटर त्याला लगेच सापडला नाही. त्याने आधी बेअरिंगवर दहा मिनिटं घालवली. पण बेअरिंग बरं आहे हे कळल्यावर, न विचारता मला म्हणाला, 'मी चुकीच्या बाजूने गेलो.' त्याच्याआधी आलेल्याने आठ मिनिटांत बिघाड ओळखला होता, मात्र प्लग लावलेलाच होता आणि एक स्क्रू आम्हाला नंतर टेबलाखाली मिळाला. आम्ही झाकण उलटं ठेवणाऱ्याला घेतलं. आज डोंगरावरच्या बोअरवेलला एकटा पाठवायचा असेल तर मी त्यालाच पाठवतो.

काउंटरची चाचणी वेगळी. दहा मालांचं एक हाताने लिहिलेलं बिल देतो, त्यात एक चूक असते, ती शोधायची. मग माझा भाऊ बाहेरून रागावलेलं गिऱ्हाईक होऊन फोन करतो: 'काल तुमच्याकडून पंप नेला, पाणीच येत नाही!' उमेदवार आधी नाव-नंबर लिहून घेतो का, पंपात पाणी भरलं होतं का असं विचारावं हे त्याला सुचतं का (हे माहीत नसलं तरी चालतं), आवाज चढवतो का, ते ऐकायचं. वाळपईकडची एक मुलगी आली होती. मुलाखतीत खाली बघून, दोन-दोन शब्दांत बोलली. नुसत्या बोलण्यावर निवडलं असतं तर ती पहिल्या फेरीत गेली असती. बिलातली चूक तिने सगळ्यांत आधी काढली. वर, आमच्याच स्टॉकच्या वहीत फूटव्हॉल्व्हचा आकडा दोन ठिकाणी वेगळा आहे, हेही दाखवलं. ती चूक आम्ही पेरलेली नव्हती. आज सगळा स्टॉक तिच्या हाती आहे.

तुमच्या धंद्यातही अशी चाचणी निघते. होमस्टे असेल तर एक खोली आवरायला सांगा, आणि पलंगाखाली वाकून बघतो का ते पाहा. स्वयंपाकी हवा असेल तर एक हुमण (माशाची आमटी) करायला सांगा, आणि झाल्यावर ओटा कसा ठेवतो ते बघा. दवाखान्याच्या रिसेप्शनला दहा मिनिटांत आलेले चार फोन वहीत मांडायला द्या. चाचणी एक-दीड तासाच्या वर गेली तर पैसे द्या. दिवसभर काम करून बघायचं असेल तर पूर्ण दिवसाची मजुरी संध्याकाळी हातात. चाचणीच्या नावाखाली फुकट काम करून घेणारे आहेत, आणि ती गोष्ट गावात पसरायला एक बस पुरते.

हे माझ्या एकट्याच्या अनुभवाचं नाही. १९९८ मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी निवडीच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून मांडलं. प्रत्यक्ष कामाची चाचणी आणि ठरावीक प्रश्नांची मुलाखत त्यात खूप वर होत्या, आणि नुसत्या अनुभवाच्या वर्षांवरून माणूस कामाला कसा निघेल याचा अंदाज अगदी थोडा लागत होता. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते हिशेब पुन्हा तपासले, बरेच आकडे खाली आले, पण ठरावीक प्रश्नांची मुलाखत सगळ्यांत वर राहिली. म्हणून आमच्या जाहिरातीत 'पाच वर्षांचा अनुभव' असं आता नसतं.

मुलाखत: सगळ्यांना तेच प्रश्न

बसायला खुर्ची, प्यायला पाणी, आणि 'तुम्ही'. वयाने लहान असला तरी 'तुम्ही'. कोकणी, मराठी, हिंदी, ज्या भाषेत तो मोकळा होतो तीत बोला. कामाला इंग्रजी लागत असेल तर लेबल वाचून दाखवायला सांगा, इंग्रजीत मुलाखत कशाला?

पाच-सहा प्रश्न लिहून ठेवा, सगळ्यांना त्याच क्रमाने विचारा. आमचे दोन सांगतो. 'एखादं काम तुम्ही करून आलात आणि ते पुन्हा बिघडलं, असं शेवटचं कधी झालं? मग काय केलंत?' ज्याने काम केलंय त्याला असा प्रसंग आठवतोच. 'माझ्याकडून असं कधी झालं नाही' म्हणणाऱ्याला मी एकदा पुन्हा, हळू विचारतो. दुसरा: 'गिऱ्हाईक तुमच्यावर ओरडलं, तेव्हा काय घडलं?' 'मी असं करीन, तसं करीन' या उत्तरापेक्षा 'मी असं केलं' हे ऐका.

आणि सरकारी नोकरीचा प्रश्न. गोव्यात तो टाळून चालत नाही. घरोघरी एम्प्लॉयमेंट कार्ड काढलेलं असतं, अर्ज भरलेले असतात. मी सरळ म्हणतो, 'अर्ज केला असेल तर सांगा, त्यावरून मी नाही म्हणणार नाही. लागली तर मला आनंदच होईल, फक्त एक महिना आधी कळवा.' हे ऐकून माणसं खरं बोलतात. ज्याने पहिल्याच दिवशी 'तीन ठिकाणी अर्ज केलेत' म्हणून सांगितलं, तो आमच्याकडे चार वर्षं राहिला आणि जाताना पुढच्या मुलाला शिकवून गेला. पूर्वी जे 'छे, छे' म्हणाले, त्यातले दोघे एका सकाळी आलेच नाहीत.

तसंच जत्रेचं. कुणी शिरगावच्या लईराई देवीचा धोंड (व्रत धरणारा भक्त) असतो, कुणाच्या गावचं फेस्त (चर्चचा सण), कुणाचा शिगमो. हे विचारायचं ते वेळापत्रक मांडायला. ज्याला नाकारायचं आहे त्याच्यासाठी निमित्त म्हणून हे वापरू नका.

बाईमाणसाला लग्न कधी, मूल कधी, नवऱ्याला चालेल का, हे विचारू नका. भरतीत बाई-पुरुष असा भेद करायला कायद्याने बंदी आहे. आणि तुम्हाला जे जाणून घ्यायचंय ते 'नऊ ते सहा जमेल का?' या एका प्रश्नात येतं, जो पुरुषालाही विचारायचा असतो.

मुलाखतीला दोघे बसा. माणूस बाहेर गेला की एकमेकांशी बोलायच्या आधी दोघांनी आपापल्या कागदावर प्रत्येक मुद्द्याला पाचपैकी गुण द्यायचे. माझा आणि भावाचा आकडा दोनने वेगळा आला की आम्ही तिथे थांबतो आणि 'तुला काय दिसलं?' असं विचारतो. आधी बोललो तर मोठा भाऊ म्हणून माझंच चालतं, हे आम्हाला उशिरा कळलं.

चौकशी आणि कागद

मागच्या मालकाला फोन करा, पण उमेदवाराला सांगून. सध्या जिथे काम करतो तिथे त्याच्या परवानगीशिवाय अजिबात नको. तुमच्या एका फोनमुळे त्याची आहे ती नोकरी जाईल. मालकाला 'कसा आहे?' विचारलं तर 'बरो आसा' एवढंच येतं. 'पुन्हा आला तर ठेवाल का?' असं विचारा आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते ऐका. गावात शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करू नका, तिथे कामाची माहिती मिळत नाही, घराण्याची मिळते.

लायसन्स, आधार, आयटीआयचं प्रमाणपत्र मूळ प्रत बघून तिथेच परत द्या. मूळ कागद अडकवून ठेवणं, अनामत घेणं, हे करू नका. अशाने माणूस राहत नाही, फक्त अडकतो. वयाचा कागद नीट बघा. विजेच्या कामाला अठराच्या आतला घेऊच नये.

शब्द, पत्र आणि पहिले तीन महिने

निवड झाली की त्याच दिवशी फोन करा. त्याला विचार करायला दोन दिवस द्या. पत्रात पगार, वेळ, सुट्ट्या, कामाचं स्वरूप, तीन महिन्यांचा परीक्षाकाळ आणि नोटिशीची मुदत हे सगळं त्याला वाचता येईल अशा भाषेत. आमचं पत्र मराठीत असतं.

ज्यांना घेतलं नाही त्यांनाही कळवा. दोन मिनिटांचा फोन: 'या वेळी दुसऱ्याला घेतलंय. तुमचं बिघाड शोधणं चांगलं होतं, मेगर (मोटरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) वापरायची थोडी सवय करा.' असा फोन केलेला एक मुलगा दीड वर्षाने मेगर शिकून परत आला, आज आमच्याकडे आहे.

पहिल्या दिवशी त्याची हत्यारं, लॉकर, जेवायची जागा तयार ठेवा आणि कुणाला विचारायचं ते एक नाव सांगा. पहिला आठवडा त्याला एकट्याला साइटवर पाठवू नका. पंधराव्या दिवशी आणि दीड महिन्याने दहा मिनिटं बसून बोला: काय जमतंय, काय नाही, आणि आम्ही जे सांगितलं होतं त्यात काही वेगळं निघालं का. हा शेवटचा प्रश्न विचाराच. एकाने सांगितलं होतं, 'जाहिरातीत सहा लिहिलं होतं, रोज सात होतात.' खरं होतं. त्या महिन्यापासून आम्ही सहानंतरचा तास वेगळा लिहून त्याचे पैसे देतो.

तीन महिने संपायच्या आठवडाभर आधी निर्णय घ्या. जमत नसेल तर तोंडावर, एकट्यात, कारण देऊन सांगा, आणि पूर्ण हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करा. मग ती फाईल काढा: गुणांचे कागद, दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराचा नंबर. जाहिरात नव्याने देण्याआधी त्याला एक फोन करून बघा.